दोन आठवड्यांचा चीन

नोव्हेंबर २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला आलेल्या शी जिनपिंग यांनी जाहीर केलं, की येत्या पाच वर्षांत पन्नास हजार अमेरिकी तरुणांना देवाणघेवाणीसाठी आणि शिक्षणासाठी चीनला बोलावू. तेव्हापासून अमेरिकेत एक वाद पेटलेला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारत-चीन थेट विमानं पुन्हा सुरू झाल्यावर तो आपल्याकडेही यायला फार वेळ लागणार नाही. शाळा-कॉलेजातल्या मुलांना दोन-तीन आठवडे चीनला नेऊन भाषा आणि संस्कृती शिकवण्यात काही अर्थ आहे का, हा तो वाद. एक बाजू म्हणते, ही निव्वळ सहल आहे आणि वर यजमान सरकारचा प्रचार फुकट. दुसरी म्हणते, मुलांची नजर विस्तारते, आणि उद्याच्या जगात चिनी येणाऱ्याला मरण नाही. दोन्हीकडून तावातावाने बोललं जातं आणि गंमत म्हणजे दोघेही दिवसच मोजत बसतात. एकाला दोन आठवडे फार कमी वाटतात, दुसऱ्याला तेवढे पुरेसे वाटतात.

माझ्या मते मुक्काम छोटा असणं हा दोषच नाही. त्याच्या आधी काही नसतं आणि नंतरही काही नसतं, खोट तिथे आहे. वर्षभर भाषेवर घाम गाळलेल्या विद्यार्थ्याला दोन आठवड्यांत जे मिळतं, ते त्याला घरच्या वर्गात कितीही वर्षं बसून मिळणार नाही. कोरी पाटी घेऊन गेलेला मात्र सहल करूनच परततो, कार्यक्रमपत्रिकेवर 'भाषा निमज्जन' छापलेलं असो की आणखी काही.

विरोधकांचा सगळ्यात वजनदार मुद्दा आधीच मान्य करून टाकतो. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची जी संस्था राजनैतिक अधिकाऱ्यांना भाषा शिकवते, तिने चिनीला सर्वांत अवघड भाषांच्या गटात ठेवलं आहे. मातृभाषा इंग्रजी असलेल्याला कामापुरती पक्की चिनी यायला सुमारे २२०० तासांचे वर्ग लागतात, असा तिचा अनुभव. दोन आठवडे रोज चार तास शिकलात तर होतात छप्पन तास, म्हणजे जेमतेम अडीच टक्के. चीन सरकारने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रमाण यादीत नेहमीच्या वापरातल्या चिन्हांचा पहिला गटच साडेतीन हजारांचा आहे. तेव्हा 'पंधरा दिवसांत चिनी बोला' अशी जाहिरात करणाऱ्या आयोजकाला कुणी ग्राहक मंचात खेचलं, तर मी त्या पालकाच्या बाजूने उभा राहीन.

पण भाषा शिकवणं हे त्या प्रवासाचं काम आहे, असं ठरवलं कुणी? वर्गातला शिक्षक विद्यार्थ्यासाठी सावकाश बोलतो, ओळखीचे शब्द वापरतो, चूक झाली तरी समजून घेतो. रस्त्यावरच्या माणसाला यातलं काहीही करायचं नसतं. पुस्तकावरून मराठी शिकलेला परदेशी माणूस थेट कोल्हापूरच्या भाजी मंडईत उभा केला तर त्याचं जे होईल, तेच बीजिंगच्या टॅक्सीत पाठ्यपुस्तकी चिनीचं होतं. ड्रायव्हर प्रत्येक शब्दाच्या शेवटी जीभ वळवतो. नैऋत्येकडच्या छंगदूत गेलं की शब्दाचा अर्थ ठरवणारे सूरच बदलतात. दक्षिणेतल्या ग्वांगझूमध्ये दोन दुकानदार आपसात कँटोनीज ही तिथली बोली बोलायला लागले की प्रमाण चिनीचा काही उपयोग उरत नाही. आपल्याला नेमकं काय येत नाही, याची इतकी स्वच्छ यादी दुसरीकडे कुठे मिळेल? ही यादी मिळायला दोन आठवडे भरपूर झाले. अट एकच. आधी काहीतरी येत असलं पाहिजे. ज्याला एकही सूर ओळखू येत नाही त्याला छंगदू आणि बीजिंगमधला फरक ऐकूच येणार नाही. त्याच्या लेखी सगळा नुसता गोंगाट.

लांब मुक्काम खरा आणि छोटा खोटा, हा समज इतिहासावर घासून पाहावा. सातव्या शतकापासून नवव्या शतकापर्यंत जपानी दरबार तांग राजवटीच्या चीनला शिष्टमंडळं पाठवत असे. त्यांच्याबरोबर जाणाऱ्या विद्यार्थ्यांचे दोन वर्ग होते. एक दीर्घ मुदतीचा, वीस वर्षं राहून शिकणारा. दुसरा अल्प मुदतीचा, आलेल्या शिष्टमंडळाबरोबरच परतणारा. ८०४ सालच्या ताफ्यात दोन्ही वर्गांतला एकेक भिक्षू होता, आणि जपानच्या धर्मेतिहासात त्या दोघांइतकी मोठी नावं थोडीच आहेत. साइचो अल्प मुदतीवर गेला. त्याला चिनी बोलता येत नव्हतं, म्हणून गिशिन नावाचा शिष्य दुभाषा म्हणून बरोबर नेला. पण त्याआधीची कित्येक वर्षं त्याने हिएई डोंगरावर थिएनथाय या चिनी बौद्ध पंथाचे ग्रंथ वाचण्यात घालवली होती. कुठल्या डोंगरावर जायचं, कुठले ग्रंथ उतरवून आणायचे, काय विचारायचं, हे जहाजात पाऊल ठेवण्यापूर्वीच त्याच्या मनात पक्कं होतं. पुढच्याच वर्षी तो परतला आणि त्याने त्या पंथाची जपानी शाखा, म्हणजे तेंदाई पंथ, उभा केला.

कूकाई गेला वीस वर्षांच्या बोलीवर. त्याचं चिनी उत्तम होतं. तांगांची राजधानी छांगआनमध्ये त्याला ह्वेइक्वोसारखा गुरू लाभला, प्रज्ञ नावाच्या भारतीय भिक्षूकडून त्याने संस्कृतचे धडेही घेतले, आणि दोन वर्षांत काम झालं असं ठरवून ८०६ मध्ये तो घरी निघाला. मुदत मोडल्याबद्दल त्याला जपानच्या राजधानीबाहेर बराच काळ ताटकळावं लागलं. म्हणजे दिवस मोजणारे तेव्हाही होतेच! पुढे ८३८ च्या शिष्टमंडळात एन्निन गेला, तोही अल्प मुदतीवर. थिएनथाय डोंगरावर जायची परवानगी नाकारली गेल्यावर तो परतीच्या जहाजातून उतरून मागेच राहिला, नऊ वर्षं चीनमध्ये हिंडला, आणि त्याने लिहिलेली रोजनिशी तांगकालीन चीनचं जीवन समजून घ्यायला इतिहासकार आजही वापरतात. या तिघांच्या मुक्कामांची लांबी एकमेकांशी जुळत नाही. जुळते ती तयारी.

ते व्रतस्थ भिक्षू होते, सोळा-सतरा वर्षांची मुलं नव्हती, असं कुणी म्हणेल. कबूल. पण मग अशा मुलांना तयारीची गरज जास्त की कमी? हा प्रश्न इत्सिंग या चिनी भिक्षूने केव्हाच सोडवून ठेवलेला आहे. ६७१ मध्ये तो ग्वांगझूहून समुद्रमार्गे भारताकडे निघाला तेव्हा थेट नालंदेला आला नाही. सुमात्रा बेटावरच्या श्रीविजयात सहा महिने थांबून त्याने संस्कृत व्याकरण गिरवलं, आणि मग पुढे जाऊन नालंदेत दहाएक वर्षं काढली. भारतात जाऊ पाहणाऱ्या चिनी भिक्षूंना त्याने लेखी सल्ला दिला, की आधी श्रीविजयात एक-दोन वर्षं राहा, शिका, मग पुढे जा. तेराशे वर्षांपूर्वीच्या माणसाला जे उमजलं ते आजच्या माहितीपत्रकांमधून गायब आहे. तिथे 'पूर्वज्ञानाची आवश्यकता नाही' हे वाक्य भूषण म्हणून छापलेलं असतं.

दुसरा आक्षेप प्रचाराचा. हाही पोकळ नाही. पाहुण्याला हवं तेवढंच दाखवण्याच्या कलेत चिनी व्यवस्थेचा हात धरणारे फार नाहीत. १९६१ मध्ये फ्रान्सचे नेते फ्रांस्वा मित्तराँ चीनला जाऊन आले आणि दुष्काळ वगैरे काही नाही असं सांगू लागले. त्या काळात तिथे कोट्यवधी माणसं भुकेने मेली. १९७४ च्या वसंतात फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ आणि पॅरिसचे काही लेखक तीन आठवडे फिरून आले. बार्थला चिनी येत नव्हतं. कारखाने, कम्यून, चहाचे पेले आणि पाठ केलेले आकडे यांच्या पलीकडे त्याला काही दिसेना, आणि त्याच्या टिपणवह्यांमधून त्याचा कंटाळा जागोजाग डोकावतो. एवढ्या तल्लख माणसाची ही गत, तर अकरावीतल्या मुलाचं काय, असा प्रश्न कुणी टाकला तर तो रास्तच आहे.

पण याच इतिहासातला आणखी एक प्रवासी विरोधकांच्या यादीत कधी येत नाही. १९५५ मध्ये बेल्जियमच्या तरुणांचं एक शिष्टमंडळ चीन सरकारच्या आमंत्रणावरून महिनाभर फिरलं. अगदी ठरीव दौरा. पंतप्रधान चौ एन-लाय यांची भेटसुद्धा त्यात होती. त्यात पिएर रिकमान्स नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा होता. तो चीनवर लुब्ध होऊन परतला, यजमानांच्या दृष्टीने दौरा फत्ते झाला. फक्त यानंतर तो चिनी शिकायला बसला. तैवानला गेला, हाँगकाँगमध्ये राहिला, मुख्य भूमीवरून येणारी वर्तमानपत्रं मुळातून वाचू लागला. पॅरिसमधले बुद्धिवंत माओचा जयजयकार करत असताना, १९७१ मध्ये त्याने सिमॉन लेस या टोपणनावाने सांस्कृतिक क्रांतीचा बुरखा फाडणारं पुस्तक लिहिलं. सरकारी खर्चाने झालेल्या महिन्याभराच्या सहलीतून त्या सरकारचा इतका जहाल टीकाकार निघाला! बार्थ आणि रिकमान्स यांना दाखवलेल्या देखाव्यात फार फरक नव्हता. रिकमान्सकडे नंतरच्या अभ्यासाची सोळा वर्षं होती, बार्थकडे नव्हती. प्रचाराच्या भीतीने मुलांना घरी बसवणाऱ्यांना हे उदाहरण अडचणीचं वाटेल, कारण देखाव्यामागचं वाचायला जी विद्या लागते तिची गोडी बहुधा त्या देखाव्याच्या जागीच लागते.

पैशाचा प्रश्न थोडा वेगळा आहे, आणि इथे मी विरोधकांच्या बराच जवळ आहे. चीन सरकारने २००४ पासून जगभर चिनी भाषा शिकवणाऱ्या कन्फ्यूशियस इन्स्टिट्यूट उघडल्या. मुंबई विद्यापीठातही २०१३ मध्ये एक आली. तिबेट किंवा तिआनमेन हे शब्द वर्गात येणार नाहीत याची काळजी घेणारा शिक्षक आणि त्याचा पगार देणारं परकं सरकार, ही रचना विद्यापीठाला शोभत नाही. अमेरिकेत २०१९ च्या सुमारास अशा शंभरेक संस्था होत्या, चार वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. ठीकच झालं. पण त्यांच्या जागी अमेरिकेने स्वतःच्या पैशाने काय उभं केलं? आणि यजमानाच्या पैशाने पाहुण्याची निष्ठा विकत मिळते हे तरी कुणी सिद्ध केलं? परकीयांविरुद्धच्या बॉक्सर बंडानंतर चीनकडून वसूल केलेल्या भरपाईतली जादा रक्कम अमेरिकेने चिनी विद्यार्थ्यांना आपल्याकडे शिकवण्यावर खर्च केली. हेतू उघड होता, चीनच्या पुढच्या पिढीवर अमेरिकी छाप पाडायची. त्या शिष्यवृत्तीवर १९३५ मध्ये गेलेला छिएन श्वेसन अमेरिकी रॉकेटविद्येत अव्वल ठरला. पुढे संशयाच्या भोवऱ्यात सापडून पाच वर्षं नजरकैदेसारखी काढल्यावर १९५५ मध्ये मायदेशी परतला आणि चीनचा क्षेपणास्त्र कार्यक्रम त्याने उभा केला. कारकून घडवायला म्हणून आणलेल्या इंग्रजी शिक्षणातून आपल्याकडे कोण कोण घडलं, हे मराठी वाचकाला मी काय सांगावं?

आता थोडं सहलीच्या समर्थकांकडे वळू, कारण त्यांनीच आपली बाजू सगळ्यात जास्त बिघडवली आहे. त्यांच्या कार्यक्रमातली संस्कृती बघा. सकाळी वर्ग. दुपारी एक दिवस कागद कातरायचे, एक दिवस ब्रशने अक्षरं काढायची, एक दिवस ताई-ची, एक दिवस सारण भरून च्याओत्झ वळायचे. मग भिंत, शीआनचे मातीचे सैनिक, छंगदूचे पांडा. भिंतीवर माझा राग नाही, पांडावर तर कुणाचाच नसावा. पण सव्वाशे-दीडशे कोटींचा जिवंत समाज समोर असताना त्याची संस्कृती म्हणून हस्तकलेचा तास का घ्यायचा? ७ जूनला विद्यापीठ प्रवेशाची काओखाओ परीक्षा सुरू होते, तेव्हा केंद्रांबाहेरच्या रस्त्यांवर शांतता पाळली जाते आणि आईबाप फाटकाशी उभे असतात. दहावी-बारावी आणि नीट पाहिलेल्या आपल्या मुलाला ते दृश्य कुणी समजावून सांगावं लागणार नाही. संध्याकाळी चौकाचौकांत आज्या गाणी लावून नाचतात. पिवळी जाकिटं घातलेली जेवण पोचवणारी पोरं सिग्नलला घड्याळाकडे बघत थांबलेली असतात. त्यातल्या एखाद्याला 'तू मूळचा कुठला?' आणि 'तुझी मुलं कुठे शिकतात?' एवढे दोन प्रश्न विचारा. पहिल्या वर्षाच्या चिनीत दोन्ही बसतात. मुलं गावाकडे आजी-आजोबांजवळ आहेत, असं उत्तर आलं तर विद्यार्थी थेट हुकोऊच्या दारात पोचतो. माणसाची शाळा, इस्पितळ, पेन्शन त्याच्या नोंदलेल्या गावाशी बांधून ठेवणारी ही व्यवस्था आहे, आणि ती कळल्याशिवाय चीनमधल्या शहरांची भरभराट अर्धीच कळते. हे उत्तर ऐकायला दुपार मोकळी लागते. पाच शहरांच्या धावपळीत ती कुठून मिळणार? बीजिंग-शांघाय हे तेराशे किलोमीटरचं अंतर वेगवान गाडी साडेचार तासांत कापते, म्हणून आयोजकाला मोह आवरत नाही. माझं म्हणणं, एकच शहर, त्यातही एकच वस्ती, आणि रोज त्याच दुकानात नाश्ता. तिसऱ्या दिवशी दुकानदार ओळखतो, पाचव्या दिवशी तोच प्रश्न विचारू लागतो.

फोन भाषांतर करतो, मग हा सगळा खटाटोप कशाला, असंही म्हणतात. फोन जेवण मागवून देईल. पण मुलं गावाकडे का, हा पुढचा प्रश्न फोन सुचवणार नाही, आणि समोरचा माणूस यंत्रात तोंड घालून स्वतःच्या मुलांबद्दल कितपत बोलेल, हे ज्याने त्याने ठरवावं.

अमेरिकेतल्या वादात एक विसंगती उघडी पडते. चीन हा मुख्य प्रतिस्पर्धी असं दोन्ही पक्ष सांगतात. चिनीसारख्या भाषा शाळकरी मुलांनी शिकाव्यात म्हणून सरकारने २००६ मध्ये योजना आणली, तिच्या नावातच राष्ट्रीय सुरक्षा होती. आणि तरी जुलै २०२० मध्ये चीन आणि हाँगकाँगपुरती फुलब्राइट शिष्यवृत्ती बंद केली. २०११-१२ मध्ये चीनमध्ये शिकणारे अमेरिकी विद्यार्थी पंधरा हजारांच्या घरात होते. महामारीच्या काळात, २०२१-२२ मध्ये, ते उरले २११. उलट दिशेने, २०२२-२३ मध्ये अमेरिकेत शिकणारे चिनी विद्यार्थी होते सुमारे दोन लाख नव्वद हजार. कोण कोणाला जास्त ओळखतं, हे सांगायला आणखी आकडे लागत नाहीत. हार्वर्डने उन्हाळी वर्ग बीजिंगहून तैपेईला हलवला. भाषेपुरता तो पर्याय उत्तम, पण तैपेईत बसून हुकोऊ दिसत नाही.

आपण तरी वेगळं काय केलं? राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या मसुद्यात माध्यमिक शाळेतल्या परकीय भाषांमध्ये चिनीचं नाव होतं. गलवाननंतर दीड महिन्यात, जुलै २०२० मध्ये, अंतिम धोरण आलं तेव्हा ते गळलं. थाई आणि पोर्तुगीज मात्र यादीत होत्या. सीमेवर ज्याच्याशी भांडण आहे त्याची भाषा यादीतून काढून नेमकं कुणाचं नुकसान केलं? महामारीपूर्वी तेवीस हजारांच्या आसपास भारतीय विद्यार्थी चीनमध्ये होते, बहुतेक वैद्यकीय शिक्षणासाठी. पाच-सहा वर्षं ते तिथे राहतात, रुग्णांशी बोलण्यापुरती चिनी शिकतात, आणि परतल्यावर इथली पात्रता परीक्षा देण्यात बुडून जातात. त्यांच्या चिनीची विचारपूस ना एखादं विद्यापीठ करतं, ना वर्तमानपत्र. मुक्काम लांब असूनही नंतरची सोय नसली की असं होतं.

दोन देशांच्या मैत्रीवर भाषण द्यायचं झालं की सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव घेतलं जातं. चिनी नेते भारतात आले की त्यांच्या कुटुंबीयांना आवर्जून भेटत. १९३८ मध्ये गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातले ते एक. सहकारी परतू लागले तरी ते राहिले, आणि १९४२ मध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. त्यांचा त्याग सगळे सांगतात. युद्धाच्या धामधुमीत ते चिनी बोलायला, वाचायला शिकले आणि त्या भाषेत काम करू लागले, हे भाषणातून हमखास गळतं. पुण्यात पु. वि. बापट चिनी बौद्ध ग्रंथ पालीशी ताडून पाहत होते आणि त्यांचा तौलनिक अभ्यास १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. जवाहरलाल नेहरू विद्यापीठात चीनचा अभ्यास शिकवणारे गो. पु. देशपांडे तर मराठी रंगभूमीवरचं मोठं नाव. या माणसांच्या मागे वर्षानुवर्षांची बैठक होती. महाराष्ट्रातल्या एखाद्या विद्यापीठाला चीनला विद्यार्थी पाठवायची इच्छा झालीच, तर आधी इथे सलग दोन वर्षं चालेल असा चिनीचा वर्ग आहे का, हे पाहावं. नसेल तर विमानाचे पैसे शिक्षकाच्या पगारावर घालावेत.

आणि वर्ग असेल तर पाठवावं, बेलाशक दोन आठवड्यांसाठी. निवड भाषेच्या परीक्षेवर व्हावी, पालकांच्या ऐपतीवर नव्हे. शुल्काचा एक तृतीयांश भाग अनामत म्हणून बाजूला ठेवावा आणि परतल्यावर वर्षभरात विद्यार्थी एचएसके या चिनी भाषेच्या प्रमाण परीक्षेची पुढची पातळी उत्तीर्ण झाला तरच तो परत करावा. जप्त झालेल्या रकमेतून पुढच्या तुकडीतल्या गरीब मुलाचं तिकीट निघेल. पालक कुरकुरतील. आयोजक त्याहून जास्त कुरकुरतील, कारण मग दर वर्षी किती अनामती परत गेल्या हा आकडा तयार होईल आणि पुढच्या वर्षी चौकशीला आलेले पालक पहिल्यांदा तोच विचारतील.